अंबूबाईनं काशीला काय सोडलं

"आवं वयनी, पर काशीत सोडलं काय, त्ये सांगा की!" नानासोनं तिसऱ्यांदा विचारलं आणि पंगतीतले हात पुरणपोळीवरच थांबले.

अंबूबाई तूप वाढत होती. तिनं दिराच्या पोळीवर सढळ धार धरली आणि म्हणाली, "आधी नावाड्याचं तर ऐका."

मावंद्याची पंगत होती. काशी करून आलेल्या माणसानं गावाला जेवण घालायचं आणि गावानं त्याच्या पाया पडून यथेच्छ हादडायचं, ही रीत. काशीला आवडीची एखादी वस्तू सोडायची आणि पुन्हा तोंडाला लावायची नाही, हीसुद्धा रीतच. आता रीत म्हटली की पळवाट आलीच. आमच्या जोतिबानं कारलं सोडलं होतं, जे तो आधीही बायकोची नजर चुकवून म्हशीला घालत असे. ज्ञानू तर सफरचंद सोडून आला. त्या काळी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, कोरेगावच्या अलीकडच्या आमच्या गावानं सफरचंद फक्त शाळेतल्या तक्त्यावर पाहिलेलं होतं.

"तर म्या नावाड्याला म्हटलं," अंबूबाई सांगू लागली, "भैया, तुमारे नाव में बैठती, पर बुडवलंस तर एक पैसा देणार न्हाई! त्यो म्हंतो, माताजी, यहाँ डूबे तो सीधा स्वर्ग. म्या म्हटलं, मग तू का रं रोज वल्हवत माघारी येतुयास?"

पंगत खो खो हसली. नानासोला ठसका लागला.

खरं तर तिच्या जाण्याला सगळ्यात मोठा विरोध या नानासोचाच होता. एकटी बाईमाणूस, हिंदीचा गंध नाही, कुठं चुकली तर शोधायचं कुणी? अंबूबाईनं दशम्यांचं गाठोडं बांधता बांधता उत्तर दिलं होतं, "एकटीचं काय सांगता भावजी? घरात तरी माझी कुठं पलटण हाय?" आणि कोरेगाव स्टेशनावरून ती खरोखरच एकटी निघून गेली. गाडीत म्हणे तिनं अर्ध्या डब्याला शेंगदाण्याची चटणी खायला घातली आणि त्या बदल्यात लागेल तेवढी हिंदी शिकून घेतली.

पलटणीचं बोलली ते उगीच नव्हे. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच तिचा नवरा कृष्णात फौजेत गेला आणि मोठ्या लढाईत मलायाकडे बेपत्ता झाला. सरकारनं एवढंच कळवलं. बेपत्ता म्हणजे मेला नाही आणि जिताही नाही. हळदीकुंकवाला बायकांची बोटं तिच्या कपाळापाशी येऊन अडखळायची. मग तीच कपाळ पुढं करायची, "लाव गं. कुंकू का तुझ्या बाच्या घरचं हाय?" बायका हसायच्या आणि वेळ निभावून जायची.

एक गोष्ट मात्र ती हसण्यावारी नेत नसे. रोज सांजच्याला ती एक भाकरी जास्तीची थापायची आणि टोपल्यात फडक्याखाली झाकून ठेवायची. माणूस रात्री-बेरात्री आला तर उपाशी राहायला नको. माणूस यायचा नाही, आणि सकाळी तीच भाकरी अंबूबाईची न्याहारी व्हायची. तीस-बत्तीस वर्षांत तिनं सकाळी ताजा घास खाल्ला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मला बाई शिळीच आवडती." गावाला ते खरं वाटायचं. खरं कारण ठाऊक होतं ते एकट्या धाकट्या जावेला, नानासोच्या रंगूबाईला. मधल्या भिंतीला खिडकी होती आणि रंगूबाईला डोळे होते.

काशीतली एक गोष्ट मात्र अंबूबाईनं पंगतीत सांगितली नाही.

घाटावर मराठी बोलणारे एक भटजी भेटले. "कुणाच्या नावानं करायचं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या मालकांच्या."

"हयात आहेत?"

नावाड्यापुढं सुरीसारखी चालणारी जीभ इथं अडखळली. "त्येच तर इचाराया आलीया," ती म्हणाली.

भटजी हसले नाहीत. "बाई, आयुष्य मागायचं असेल तर विधी निराळा, पाणी द्यायचं असेल तर निराळा. कुठला करू?"

"दोनी करा. एक तरी लागू पडंल."

"तसं नाही करता येत."

ती पायरीवर जाऊन बसली. सासू-सासरे केव्हाच गेले होते. कृष्णात गेला तेव्हा नानासो शेंबडं पोर होता, त्याला भावाचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. कृष्णातला जिता ठेवणारी जगात ती एकटीच उरली होती. तिनंच पाणी सोडलं तर आपल्या हातानं त्याला मारल्यासारखं होईल, आणि उद्या दारात उभा राहिला तर त्याला तोंड कसं दाखवायचं? तिला फार भीती वाटली.

भूक लागली म्हणून तिनं गाठोडं सोडलं. वरच एक दशमी वेगळ्या फडक्यात झाकलेली होती. काल धर्मशाळेत तिनंच ती बाजूला काढून ठेवली होती. आदल्या दिवशी गाडीतही ठेवली होती. हाताला सवय, ध्यानातही आलं नव्हतं.

"हितं कुठं यील गं त्यो, अंबू?" ती स्वतःशीच म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता कधी रडायला लागली ते तिला कळलं नाही. बत्तीस वर्षांचं रडू होतं, ते पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुऊन ती भटजींकडे गेली.

"पानी सोडू," ती म्हणाली. "भाकरी लय वर्सं ठिवत आली. पानी कुणी दिलंच न्हाई त्येंला."

गंगेतल्या बुड्यांनी कुंकू धुऊन गेलं. वर येऊन तिनं करंडा काढला आणि ते पुन्हा लावलं. भटजींनी पाहिलं तेव्हा म्हणाली, "ह्ये आईनं लावल्यालं, त्येंच्या आदीपासनं हाय." भटजींनी मान हलवली.

"वयनी, आता लई झालं!" नानासो पंगतीतून ओरडला. "सोडलं काय?"

अंबूबाईनं तुपाची वाटी खाली ठेवली. "शिळी भाकरी."

क्षणभर कुणाला कळेना. मग जो हशा पिकला! ज्ञानूनं मांडीवर थाप मारली. "आवं, ही काय सोडायची वस्तू हाय? आमी सफरचंद सोडलं!"

"तुजं सफरचंद तुला कवा भेटलं हुतं रं?" अंबूबाई म्हणाली. "माझी भाकरी मला रोज भेटत हुती."

पंगत आणखी हसली. कटाची आमटी वाढणाऱ्या रंगूबाईच्या हातातलं ओघराळं मात्र कलंडलं आणि आमटी नानासोच्या धोतरावर सांडली. "काय गं ह्ये?" तो म्हणेपर्यंत ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाई भिंतीपलीकडून आली, ती थेट टोपल्यापाशी गेली. टोपलं रिकामं होतं. फडकं धुऊन वाळत घातलेलं होतं. चुलीत जाळ होता आणि अंबूबाई तव्यावरून नुकतीच उतरलेली टम्म फुगलेली भाकरी मोडत होती.

"बस. ऊन हाय तवर खा," म्हणून तिनं अर्धी जावेच्या हातात दिली आणि आपला घास तोंडात घातला. लगेच तोंडानं हुश्श केलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"पोळलं व्हय आक्का?"

"व्हय गं," अंबूबाई म्हणाली. "सवयच न्हाई राह्यली."

तिनं पदरानं डोळे पुसले, भाकरीवर एक फुंकर घातली आणि दुसरा घास मोडला.