तार तुटल्यावर

मेल्यावर माणूस शांत होतो, असं म्हणणाऱ्यांनी भाईदासला पाहिलेलं नसावं. तो गेल्यानंतर काही महिन्यांनी रघुनाथला पहिल्यांदा दिसला, तोही वाद घालायला.

दोघे अमळनेरकडच्या एकाच गावचे. सुरतेत उधन्याला एका लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, भाईदास कारीगर होता. त्याच्या लूमवरून उतरलेला कापडाचा ताका ट्यूबलाइटच्या टेबलावरून ओढायचा आणि त्यातल्या चुका हुडकायच्या, हे रघुनाथचं काम. म्हणजे एकाने आयुष्यभर विणायचं आणि दुसऱ्याने आयुष्यभर नावं ठेवायची. मैत्रीला याहून भक्कम पाया नसतो. साखर दोघांना मागेपुढेच निघाली आणि डोळ्यांतही मागेपुढेच उतरली. पडद्यावर पाणी धरायचं, आणि समोरच्या माणसाचा बाकी सगळा देह शाबूत ठेवून चेहरा तेवढा चहात पडलेल्या बिस्किटासारखा विरघळायचा. रघुनाथचा उजवा डोळा तर दवाखान्याचं दार दिसायच्या आधीच कामातून गेला. जो काही संसार उरला, तो डाव्यात.

दवाखाना एका ट्रस्टचा. तिथल्या डॉक्टर चैताली तायडे यांचे वडील अकोल्याहून रेल्वेच्या नोकरीत सुरतेला आलेले, त्यामुळे निदान आजार तरी मराठीत समजला.

"डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल," त्या म्हणाल्या.

"डोळ्यातच?" भाईदास म्हणाला. "मॅडम, दुसरी कुठली जागा नाही का? मी तयार आहे."

त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे, दर महिन्याला ठरल्या तारखेला यायचं आणि टोचून घ्यायचं. दुसरा म्हणजे, दर महिन्याला यायचं, मशीनवर डोळा तपासायचा, आणि पाणी दिसलं तरच टोचायचं. "दोन्ही चालतात. फक्त दुसऱ्यात तपासणी चुकवायची नाही."

यातलं "दोन्ही चालतात" एवढं भाईदासने ऐकलं.

"तार तुटली की लूम थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू," खात्याबाहेरच्या चहावाल्याकडे तो सांगू लागला. "न तुटलेली तार कोणी जोडतं का?"

"आणि तुटलेली कळलीच नाही तर?" रघुनाथने विचारलं.

"मला? मला नुसत्या आवाजावरून कळते. तू तेल घालणारा माणूस, भो. गरज असो नसो, घाल तेल. तुझा डोळा एक दिवस तेलानेच जाईल."

असं ते रंगत गेलं. रघुनाथ तारखेला जाऊन यायचा आणि भाईदास, तपासणीलाही न जाता, विचारायचा, "घातलं तेल?" हा वाद चहावाल्यालाही पाठ झाला होता. तो कधी एकाची बाजू घ्यायचा, कधी दुसऱ्याची, ज्याच्या हातात कप असेल त्याप्रमाणे. मग एका सकाळी खात्यासमोरचा रस्ता ओलांडताना भाईदासला टेम्पोने उडवलं. टेम्पोवाला शपथेवर सांगत होता की भाऊ माझ्याकडे बघत होते, सरळ माझ्याकडेच बघत होते. त्याचं कोणी खरं मानलं नाही. रघुनाथने मानलं.

त्यानंतर डॉक्टर रघुनाथला म्हणाल्या, "डोळा छान कोरडा झालाय. आता दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवून बघू. कोरडा राहिला तर अजून लांबवू, पाणी आलं तर परत जवळ आणू."

अंतर वाढलं, आणि त्या वाढलेल्या अंतरात भाईदास येऊन उभा राहिला.

तो कोपऱ्यात वगैरे दिसत नसे. बरोबर मधोमध, रघुनाथ जिथे पाहील तिथे. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर, भिंतीवर, भाकरीवर. अंगात खात्यातला बनियन, कानावर अर्धी बिडी, आणि चेहरा इतका लख्ख की दाढीतले पांढरे केस वेगळे काढावेत. इंजेक्शन झालं की फिका पडायचा, काही दिवसांत जायचा. पुढची तारीख जवळ आली की पुन्हा हजर. पितरांना वर्षातून ठरलेल्या तिथीला बोलावतात. याची तिथी दवाखान्याने ठरवली होती.

"कसाले जास?" तो घरच्या अहिराणीत विचारायचा. "तार तुटनी का? नई ना? मंग बठ."

रघुनाथने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. भ्याला म्हणून नाही, सांगितली तर तारीख अलीकडे येईल म्हणून. मुलगा विकास हजीऱ्याच्या कारखान्यात शिफ्टवर, सून मनीषा साड्यांना खडे चिकटवण्यात बुडालेली. दिवसभर दोन शब्द बोलायला एक भाईदासच तर होता. मेला होता, हे खरं. पण जे जिवंत होते ते तरी कुठे बोलत होते?

मग एकदा रघुनाथ तारखेला गेलाच नाही. पोटात दुखतंय म्हणाला. आठवडा गेला, आणखी एक गेला. भाईदास आता सरतच नव्हता. रघुनाथ ताक्याला हात लावून नुसता अंदाजाने पास करू लागला. शेठ अर्ध्या गुजरातीत म्हणाले, "रघुभाई, हमणां तो तुम्हाला एकही डाग मिळत नाही, कारीगर सुधारले वाटतं!" कारीगर खुशीत होते.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. खानदेशी घरात हा पितरांचा दिवस. मनीषाने घागर भरून मांडली, पुरणपोळी केली, आणि रघुनाथ गेलेल्यांची नावं घेत आगारीच्या विस्तवात घास टाकू लागला. आजा, आजी, बाप, आई, बायको.

"आबा, भाईदासकाकांचं राहिलं ना," मनीषा म्हणाली. "त्यांची पहिलीच आखाजी."

"त्याला कशाला? तो काय..." इथेच बसलाय, असं ओठांवर आलेलं रघुनाथने गिळलं आणि सुनेकडे पाहिलं.

साडी मनीषाची होती, बांगड्या मनीषाच्या. वर चेहरा भाईदासचा. डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू, कानावर अर्धी बिडी. आणि तो चेहरा सुनेच्या आवाजात, काळजीने विचारत होता, "आबा? काय झालं?"

रघुनाथने मान फिरवली. दारात विकास उभा होता, म्हणजे विकासची चप्पल आणि विकासचं पोट. वर पुन्हा तोच. बायकोच्या फोटोकडे पाहिलं, तर हार तिच्या फोटोला आणि हाराच्या आत भाईदास. घरातल्या जिवंत माणसांना तोंडंच राहिली नव्हती; मेलेल्याचं एकच तोंड मात्र सगळ्यांना पुरून उरत होतं.

"नई तुटनी, भो," हाराच्या आतून तो समजुतीने म्हणाला. "कसाले भ्यास?"

रघुनाथने हातातला घास विस्तवात टाकला. "भाईदास," तो म्हणाला, मोठ्याने, नाव घेतात तसं. मग ज्याचं पोट विकासचं होतं त्याला म्हणाला, "मला दवाखान्यात ने."

डॉक्टरांना त्याने सगळं सांगितलं. बिडीसकट. त्या हसल्या नाहीत.

"वेड नाही हे. डोळा कमी दाखवायला लागला की मेंदू आपल्याकडची चित्रं लावतो. काहींना फुलं दिसतात, काहींना लहान मुलं. बोलणं मात्र तुमच्याच मनातलं."

"मला भाईदास लागला," रघुनाथ म्हणाला. "नशीब."

"पाणी बरंच आहे. तुमच्या डोळ्याला लांबचं अंतर मानवत नाही. तो दिसायच्या आतलीच तारीख धरावी लागेल. मग तो दिसणार नाही. चालेल ना?"

रघुनाथने डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथून भाईदास त्याच्याकडे पाहत होता.

"चालेल," तो म्हणाला.

दर तारखेला भाईदास विरत गेला. आधी बनियन, मग दाढी, सगळ्यात शेवटी बिडी. एका सकाळी मनीषाला मनीषाचंच तोंड होतं, आणि तिच्या हनुवटीवर एक तीळ होता, जो रघुनाथ विसरूनच गेला होता.

पावसाळ्यानंतर बाजार उघडला, तसा मंदीत न तपासताच गोदामात पडून राहिलेला माल टेबलावर आला. एका ताक्याच्या टोकाला भाईदासच्या लूमचा नंबर होता. महिना त्याच्या शेवटच्या दिवसांचा. रघुनाथने ट्यूबलाइट लावली आणि ओढायला सुरुवात केली. कापड बरं होतं, हात चांगलाच होता गड्याचा.

मग रेघ लागली. केसाएवढी. तार तुटलेली, आणि तिच्या जागी उभी फट. कारीगराला दिसली तर तो तिथेच लूम थांबवतो, गाठ मारतो, आणि रेघ संपते. रघुनाथ ती गाठ शोधत ओढत राहिला. रेघ चालली होती, सरळ, शांतपणे, कोणालाही न कळवता.

त्याने लाल खडू उचलला. खुणेसाठी वाकला आणि तसाच थांबला.

"भो," तो हळूच म्हणाला, "तुटनी व्हती रे."

उत्तराची वाट पाहत त्याने कापडाच्या मधोमध नजर लावली. पांढऱ्यावर पांढरं, एकेक तार वेगळी मोजावी इतकं स्वच्छ, आणि कुठेही कोणी नाही. शेजारचे लूम धडधडत होते. त्याने खूण केली आणि पुन्हा ओढायला लागला. ताका संपला, रेघ संपली नाही.