जहराच्या बागेतला लाल बदाम

या, असे जवळ सरकून बसा. पैगंबरांची स्तुती गाऊन झाली, मौलूद संपला, सरबताचे पेले रिकामे झाले, पण अजून कुणी चपला घातलेल्या नाहीत, तोवर एक हकिकत सांगतो. वाळवंटातल्या झाडाची आहे.

कुवेतला तेव्हा आमची कोकणची माणसं मोजकीच. रत्नागिरीकडचा फारूक एका गुदामावर मुकादम होता. बायकोला, शहरबानूला, त्याने बोटीने आणलं तेव्हा तिच्या ट्रंकेत माहेरच्या अंगणातल्या बदामाचं बी होतं. शहरात सगळी वाळू, म्हणून तिने ते जहरा गावच्या एका बागेत लावलं. जहराला विहिरी होत्या, खजुरी होत्या. बाग राखणारा अबू सालेम पूर्वी गलबतावरचा खलाशी. मुंबईच्या फेऱ्या करून हिंदी शिकलेला. शहरबानूला तो ‘बेटी’ म्हणायचा. रोप गुडघ्याएवढं झालं आणि शहरबानू तापाने गेली. तिच्या कबरीवर नाव नव्हतं, नुसता एक दगड. वाळू इकडची तिकडे झाली आणि पुढे फारूकला तो दगडही ओळखू येईना. मग त्याच्यापाशी ते झाडच काय ते उरलं.

दर थंडीत बदाम पानोपान लाल व्हायचा. जुम्म्याची नमाज झाली की कासम ड्रायव्हर लॉरी काढायचा. पुढे त्याची बायको मुमताज, मांडीवर सांदणांचा डबा. मागे सतरंजी टाकून आम्ही. रस्ता कसला, टायरांच्या खुणा. फारूक वाटेत मौलूद म्हणायचा. मला वाचलेला बोध तेवढा लागत नाही, गाऊन सांगितलेला थेट काळजात जातो. त्याचा आवाज ऐकताना वाटायचं, लॉरीचा खडखडाटही ठेका धरतोय. मग त्या मातकट उजाड मुलखात एकदम ते लाल झाड दिसे आणि फारूक ओळ अर्धी टाकून गप्प व्हायचा.

बासष्ट साली बदाम फार लवकर लाल झाला. उन्हाळा अजून पुरता सरलाही नव्हता. भाजीच्या गाडीवाल्याबरोबर अबू सालेमचा निरोप आला आणि आम्ही निघालो.

असा रंग त्याला कधीच आला नव्हता. शेंड्यापासून बुंध्यापर्यंत नुसता पेटलेला.

“बघितलंस कासम? यंदा शहरबानूला घाई झाली,” फारूक म्हणाला.

“नटायचं म्हटल्यावर बायकांना घाईच.”

“गप्प बसा,” मुमताज म्हणाली. “मी पण नटून निघाले होते. तुमच्या लॉरीने धुळीचं पीठच फासलं तोंडाला.”

सगळे हसलो. अबू सालेम मात्र पत्र्याचा डबा घेऊन उभा होता. त्या वर्षी विहीर खारट झाली होती. गोडं पाणी टँकरने यायचं, तेही पुरत नसे.

“फारूकभाई, याला डबाभर घालू? मला काही बरं दिसत नाही.”

“चाचा, आमच्या कोकणात बदामाला पाणी कोण घालतं? पानं लाल होतात, गळतात, पुन्हा पालवी फुटते. त्याचा मोसम आहे हा. तुमच्या खजुरी सुकतायत, त्यांच्या तोंडचं पाणी याला कशाला?”

“तुमच्या मुलखाचं झाड. तुम्हाला ठाऊक,” म्हातारा म्हणाला आणि डबा खजुरीच्या आळ्यात ओतला.

मुमताजने एक पान तोडलं. “फारूकभाय, हे तर पापडासारखं मोडलं. आपल्याकडचं कसं चामड्यासारखं वाकतं.”

“इथली हवा कोरडी गो भाबी.”

आम्हालाही ते पटलं. सांदणं खाल्ली, पानं खिशात घातली. परतताना फारूक एवढं सुरेख गायला की कासमने लॉरी हळू केली.

पुढे थंडी आली, पण पानं गळेनात. लाल होती ती तपकिरी झाली आणि फांदीलाच चिकटून खडखडत राहिली. दर जुम्म्याला फारूक म्हणायचा, “येईल पालवी.” आम्ही म्हणायचो, “येईल, इन्शाल्ला.”

थंडी सरली. एका जुम्म्याला त्याने नखाने फांदीची साल खरवडली. आत कोरडं. दुसरी फांदी, तेच. मग तो खाली बसला आणि बुंध्याची साल खरवडली. तिथेही हिरवं काही नव्हतं. अबू सालेम डबा घेऊन मागे आला, पण या खेपेला काही विचारलं नाही. फारूकने डबा त्याच्या हातून घेतला आणि सगळं पाणी मुळाशी ओतलं. जमीन ते घटाघटा प्याली. आम्ही बघत राहिलो.

परतताना कासम म्हणाला, “फारूक, म्हण की एखादी ओळ.”

“तहानलेल्या जिवापुढचं भांडं मी बाजूला सारलं, कासम. आता कुठल्या तोंडाने गाऊ?”

मुमताज पदराने तोंड झाकून बसली. पुढे कधी रस्त्यात पाण्याच्या भरल्या बादल्या नेणारी पोरं दिसली की फारूक मान फिरवायचा. त्यानंतर तो मौलूदाला यायचा, मागे बसायचा, डोळे मिटून ऐकायचा. पण ओठ हलवताना मी त्याला पुन्हा पाहिलं नाही.

शहरबानूची खूण सांगायला तिकडे आता झाडही नाही आणि दगडही नाही. कबर कुठली ते एका अल्लाहला ठाऊक. तेव्हा तुमच्या परड्यातला बदाम लाल होईल ना, त्याच्या मुळाशी तांब्याभर पाणी घाला आणि शहरबानूसाठी एक फातिहा पढा. तिची आठवण ठेवा.