सूपभर कोंडा

उद्धवरावांनी सायकल बाभळीला टेकवली, खाकी विजारीवरची धूळ झटकली आणि ओट्यावर न बसताच सांगून टाकलं, "वहिनी, कचेरीतून परत तेच आलंय. या नावाचा माणूस पलटणीत नव्हताच म्हणतात."

रतनबाई पीठ चाळत होती. चाळण हातातच राहिली. आधी दोनदा हेच उत्तर आलं होतं, तेव्हा विचारून झालं होतं.

"पाणी देते," ती म्हणाली.

"पाणी राहू द्या. मला हे कळत नाही, शिपाई असा हवेत विरतो कसा?" उद्धवराव आता कुठे टेकले. लढाईत ते हवालदार होते. आता पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या फाटकावर उभे राहायचे, आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांतल्या शिपायांच्या बायकांसाठी पुण्याच्या कचेरीत खेटे घालायचे. "एका नावाची शंभर माणसं असतात तिथं. बाप, गाव, तालुका जुळला तरच कपाट उघडतात. आपण तिन्ही गोष्टी नीट दिल्यात. मोशी, तालुका हवेली. बरोबर ना, काकू?"

शेवटचे शब्द कुशाबाईला होते. रतनबाईची सासू दाराआड बसून देवाच्या वाती वळत होती. मांडीवर वळता वळता तिचा हात थांबला. तिनं मान वर केली नाही.

"बबनराव काय म्हणतात?" रतनबाईनं विचारलं.

"काय म्हणणार? ज्याचा सरकारी दाखला, त्याचंच नाव दगडावर."

पंचायतीनं चावडीपुढं काळा दगड आणून उभा केला होता. गावातले जे जे लढाईवर गेले, त्यांची नावं त्यावर कोरायची होती. चिमाजी पाथरवट आठवडाभर तिथं टाकी घालत बसला होता. बबनराव सरपंचांचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. पण त्यांच्या म्हणण्याला विहिरीवर पाय फुटले. "रतनीचा नवरा लढाईवर न्हाई, गिरणीवर गेलाय गं. मुंबईत दुसरं बिऱ्हाड हाय त्याचं. सरकार कशाला खोटं बोलंल?" असं एकीनं म्हणायचं आणि दुसरीनं पोहरा सोडता सोडता हसायचं. रतनबाई घागर भरून निघून यायची. नवऱ्याची दोन पत्रं आली होती, तीही गावाचं नाव नसलेली, 'कुठे आहे ते लिहायची परवानगी नाही' अशी. पेटीला वाळवी लागली त्यात तीही गेली. दाखवायला हाती काही उरलं नव्हतं.

दगडावर नाव आलंच पाहिजे असा तिचा हट्ट नव्हता. तिला एवढंच हवं होतं, की तो तिला टाकून गेला नाही हे कुणीतरी एकदा सांगावं. लढाईवर गेलेला माणूस एकदाच जातो. बायकोला टाकून गेलेला रोज नव्यानं जातो.

उद्धवराव गेले. सायकलीचा खडखडाट ओढ्यापलीकडं विरला, तशी कुशाबाई उठली. तिनं कणगीमागून कोंड्याचं मडकं ओढलं, सूप भरलं, ते भरलेलं सूप धडप्यात रिकामं करून चारी टोकांची गाठ मारली.

"रतन, लुगडं बदल. कुरुळीला जायचंय."

"आत्ता? आन् हा कोंडा कुणाला?"

"चल तर खरी."

सासू पुढं, सून मागं, डोक्यावर गाठोडं. गाव मागं पडलं. इंद्रायणीचा पूल दिसायला लागला तेव्हा कुशाबाई मागं न बघताच म्हणाली, "तुझ्या मालकाच्या आधी तिघं गेली माझी. एकाचं तेवढं बारसं झालं."

हे रतनबाईला माहीत होतं.

"ह्याच्या येळंला मी माहेरी व्हते, कुरुळीला. आई म्हणाली, आता हे आपलं म्हणायचंच न्हाई. नाळ कापली तसा सुपात घातला आन् मागच्या दारानं शेजारच्या छबूकडं नेला. तिची लेकरं जगत व्हती. तिनं सूपभर कोंडा दिला आन् पोरगं इकत घेतलं. दूध मी पाजायचं, पर लेकरू तिचं. तिचं आन् तिच्या नवऱ्याचं, तात्याबाचं."

असं करायची रीत रतनबाईच्या माहेरीही होती. दगावणाऱ्या घरातलं मूल असंच दुसऱ्याचं करून वाढवायचे. "पर लग्नात सोडवून घेतात ना, आत्याबाई? कोंडा परत देऊन?"

"घेतात. मला धीर न्हाई झाला."

रतनबाईला आपलं लग्न आठवलं. मांडवात कुरुळीच्या एका बाईच्या पाया सासूनं आधी पडायला लावलं होतं. लांबची कुणी मानाची असेल असं तिला वाटलं होतं.

"चाकणच्या बाजारात भरतीची गाडी आली," कुशाबाई बोलत राहिली. "न्हाई म्हणून ऐकंना. मग मी त्याला शपथ घातली. म्हनलं, बापाचं नाव इचारतील तिथं तात्याबाचं सांग, गाव कुरुळी सांग. काळ हुडकत आला तर त्याला घावायला नगं. हसला माझ्यावर. पर तसंच सांगितलं त्यानं. सवता येऊन बोलला मला, आये, तुझा यम आता खेड तालुक्यात फिरंल."

रतनबाई पुलावर थांबली. गाठोडं उतरवून तिनं कठड्यावर ठेवलं.

"आन् मला?"

कुशाबाई थांबली, पण वळली नाही.

"उद्धवभाऊ इतक्यांदा येऊन गेले. तुमी दाराआड बसून ऐकलंत. विहिरीवर बाया काय बोलतात ते ऐकू येत न्हाई तुमाला?"

"येतं."

"मग?"

"बोलले असते तर मीच काळाला दाखवून दिला असता त्याला, रतन."

खाली बायका धुणं आपटत होत्या. रतनबाईनं गाठोड्यावर हात ठेवला. एक धक्का दिला असता तर कोंडा नदीत गेला असता, आणि तिला क्षणभर तसं करावंसं वाटलंही. सासूच्या मानेवरचे पांढरे केस वाऱ्यानं उडत होते. चालून चालून तिला धाप लागली होती आणि ती धाप लपवायचा प्रयत्न करत ती तशीच पाठमोरी उभी होती. रतनबाईनं गाठोडं उचलून पुन्हा डोक्यावर घेतलं.

कुरुळीला छबूबाई घरामागच्या वाफ्यात कांद्याचं रोप लावत होती. गुडघ्यापर्यंत चिखल, कासोटा घट्ट मारलेला. तिनं कुशाबाईकडं बघितलं, मग सुनेच्या डोक्यावरच्या गाठोड्याकडं. हातातली रोपांची जुडी तिनं बांधावर ठेवली.

"लई उशीर केलास, कुशे."

"व्हय."

"आमचे हे वाट बघून गेले. परसालच्या आदल्या साली."

"कळलं व्हतं मला."

"कळलं व्हतं तर यायचं व्हतंस. तेवढी बी का लांब हाय मोशी?" छबूबाईचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "बसा. ऊन लागलंय पोरीला."

रतनबाई बसली नाही. तिनं गाठोडं उतरवलं आणि वाटभर मनात घोळवलेलं एकदाचं विचारलं, "मावशी, ते खरंच लढाईवर गेले व्हते का? पळून न्हाई ना गेले कुठं?"

छबूबाई तिच्याकडं बघतच राहिली.

"पळून? कोण बोललं गं तुला असं?" तिनं कुशाबाईकडं बघितलं आणि पुढचं जरा हळू सांगितलं. "तार आली व्हती, बाई. लढाई चालू व्हती तवाच, दिवाळीच्या आधी. हे चाकणला पोस्टात जाऊन वाचून घेऊन आले. इटलीत म्हनं. नदी वलांडत व्हती पलटण. हा पुढच्यांत व्हता."

रतनबाई खाली बसली. वाफ्याच्या ओल्या मातीतच बसली. ती रडेल असं वाटून छबूबाई पुढं झाली, पण रतनबाईनं नुसता एक लांब श्वास सोडला, छातीवर ठेवलेलं जातं कुणी उचलून बाजूला ठेवावं तसा. मग दुसरा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते कळतही नव्हतं.

"पुढच्यांत," ती म्हणाली.

"पुढच्यांत. ह्यांनी मिशी काढली. आळंदीला जाऊन दहावा केला. लोक इचारायचे, कोण गेलं? म्हनायचे, लेक गेला. लोक हसायचे, तुझे दोन्ही लेक तर औत हाकतायत की रं. मग सांगायचंच सोडलं त्यांनी. पुढं सरकारातनं माणूस आला, अंगठा द्या, पेन्शन सुरू करतो म्हनला. ह्यांनी न्हाई दिला अंगठा. म्हनले, उसन्या लेकराचं कसं खायचं?"

"तुमी आमच्याकडं का न्हाई आला, मावशी?"

छबूबाई कुशाबाईकडं बघत होती.

"आलो व्हतो," ती शेवटी म्हणाली. "दोघं आलो व्हतो. तू शेतावर असशील. हिनं दारातनं आमाला बघितलं. ह्यांचं तोंड बघितलं, मिशी न्हाई ते. आन् आत जाऊन कडी लावली."

वाफ्यात पाटाचं पाणी शिरत होतं. त्या दिवाळीपासून कुशाबाईनं गोड खाणं सोडलं होतं. देवीचा नेम आहे, म्हणाली होती. नेमाबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून रतनबाईनंही कधी विचारलं नव्हतं.

कुशाबाई वाकली आणि गाठोड्याची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती. तिच्यानं ती सुटेना. रतनबाईनं थोडा वेळ बघितलं, मग उठून सासूचे हात बाजूला केले आणि गाठ स्वतः सोडली.

छबूबाईनं घरातून सूप आणलं. कोंडा सुपात भरला.

"सोडवायला आले," कुशाबाई म्हणाली. "आता सोडव, छबे."

"सोडवला म्हंजे मग तुझा. चांगलं-वाईट समदं तुझं. माझ्या आडोशाला न्हाई ऱ्हायचा."

"व्हय. माझा."

छबूबाईनं चिखलाचे हात धुतले, पदर पसरला, कोंडा पदरात घेतला आणि गोठ्यातल्या गाईपुढं नेऊन ओतला. रिकामं सूप तिनं उंबऱ्यावर पालथं घातलं. परत आली ती रतनबाईसमोर.

"घे बाई. तुझा नवरा तू घेऊन जा."

मग तिनं चुलीवर हंडा चढवला. "सुतक आमी धरलंय, तुमाला नगं. नुसती आंगुळ करा दोघी. ऊन पाणी देते." न्हाणीच्या दगडावर बसून रतनबाईनं डोक्यावरून तांब्या ओतला, तसं कपाळावरचं कुंकू नाकावरून, ओठावरून ओघळलं. तिनं ते पुसलंही नाही, थांबवलंही नाही. बाहेर दोघी म्हाताऱ्या आधी कुजबुजल्या, मग एकदम गळ्यात गळा घालून रडल्या. त्यानंतर छबूबाईचा नाक शिंकरल्याचा आवाज आणि, "रड आता. मी एकटीनं रडले तवा कुठं व्हतीस, चेटके?" हे ऐकून रतनबाईला न्हाणीत, ओलेत्यानं, हसू आलं.

तिनं त्या दिवशी पिठलं-भाकरी मागून मागून खाल्ली.

उद्धवरावांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, आपण हवेलीत शोधतोय आणि माणूस खेडच्या कपाटात! काकू, जपानी-जर्मन हेरांनासुद्धा असं जमलं नसतं." कुशाबाई पहिल्यांदाच लाजली.

संक्रांत झाली आणि कागद आला. माणूस पलटणीत होता. मराठा पलटण, इटलीची लढाई, तारीख, सगळं. खाली साहेबाची सही, शिक्का. उद्धवरावांनी तो विहिरीच्या वाटेवर उभं राहूनच मोठ्यानं वाचला आणि कुणी विचारलं नसतानाही पुन्हा वाचला.

चावडीपुढं बबनरावांनी चष्मा लावून कागद बघितला. "ह्यात गाव कुरुळी हाय. बाप तात्याबा."

"तो कोंड्याचा व्यवहार मिटलाय," उद्धवराव म्हणाले. "ह्या सासू-सुनेला विचारा. दुरुस्तीचा अर्ज मी टाकतोय."

बबनरावांनी दोघींकडं बघितलं, रतनबाईच्या रित्या कपाळाकडं बघितलं आणि चष्मा काढला. "चुकलं आमचं, वैनी," ते म्हणाले. "चिमाजी, जागा हाय का रं खाली?"

"सुटलीय माझ्याकडनं थोडी," चिमाजी पाथरवट म्हणाला. पाथरवटाकडून जागा अशी चुकून सुटत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. दुपार कलेपर्यंत त्यानं नाव कोरलं, मोशीच्या बापाचं नाव लावून. मग टाकी फुंकून त्यानं विचारलं, "जे परत आले न्हाईत त्यांच्या नावापुढं मी पणती काढलीय. इथं काढायची का?"

प्रश्न कुशाबाईला होता. ती दगडाजवळ गेली. ताज्या अक्षरांची भुकटी तिच्या बोटाला लागली.

"तिला इचार," ती म्हणाली. "तिचा हाय तो."

रतनबाई पुढं आली. विहिरीवरच्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. कुणी हसत नव्हतं.

"काढा," ती म्हणाली. "लांबनं दिसंल अशी काढा."

चिमाजीनं छिन्नी टेकवली. "जरा सरका, ताई. कपची उडंल डोळ्यात."

रतनबाईनं पदर चेहऱ्यापुढं धरला, पण ती सरकली नाही.