भिंतीला सुरमईचा वास

अर्चना मॅडमना जेवणाच्या खोलीत लाल फ्लॉक हवा होता आणि मी तो लावणार नव्हते. भांडण एवढंच होतं.

फ्लॉक म्हणजे कागदावर गोंदाने नक्षी काढायची आणि तिच्यावर लोकरीचा बारीक भुसा पेरायचा. हात फिरवला की मखमल. जुन्या इंग्लिश हवेल्यांत तो दिवाणखान्यात शोभायचा. जेवणाच्या खोलीत मात्र जाणते लोक टाळायचे, कारण लोकर अन्नाचा वास धरून ठेवते. मॅडमनी इंग्लंडच्या ट्रिपमध्ये अशी भिंत पाहिली होती. ती दिवाणखान्यातली होती, हे त्या सोयीस्कर विसरल्या. मी साधा रंग आणि वर छताखाली नक्षीची कागदी बॉर्डर सुचवली, तर त्यांना वाटलं मी कामचुकारपणा करतेय.

इंटिरियरवाल्याकडची नोकरी सोडून स्वतःच्या नावावर घेतलेलं हे माझं पहिलंच काम. इद्रीस, माझा नवरा, म्हणाला, "कस्टमरला हवंय ना, हुमेरा? लाव आणि खलास कर." त्याचं काय जातंय? उद्या भिंत वास मारू लागली की बोटं माझ्याकडेच वळणार.

मीही हट्टाला पेटले. इथे आखातात, अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलामागे, त्याच कागदाचा एक पट्टा चिकटवला आणि शुक्रवारी सुरमई तळली. आम्हा रत्नागिरीकरांच्या घरात शुक्रवारी सुरमई असतेच, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. इद्रीस बोटं चाटत जेवला.

दुसऱ्या दिवशी घर लख्ख पुसून, हवा खेळवून मॅडमना आणि त्यांचे मिस्टर अरुण यांना चहाला बोलावलं. घराला कसलाच वास नव्हता. चहा झाल्यावर मी मॅडमना पट्ट्याला नाक लावायला सांगितलं.

त्या झटकन मागे सरल्या. "शी! पण आमच्याकडे फिश होतच नाही. हा तुमच्या घरचा प्रॉब्लेम आहे."

इद्रीसची मान खाली गेली. माझं डोकं फिरलं ते तेव्हा.

"लसणाची फोडणी तर होते ना?" मी म्हटलं. "लोकर जात विचारत नाही, मॅडम."

अरुण उठले. दुसरा कॉन्ट्रॅक्टर तयार आहे, असं त्यांनी मला थंडपणे सांगितलं. मी म्हटलं, खुशाल द्या त्याला काम, मी त्या खोलीत फ्लॉक लावणार नाही. ते दोघं गेल्यावर मी दार लावून वळले. पहिलंच काम हातचं गेलं होतं. आता इद्रीस बोलणार, याची मी वाट पाहत राहिले.

तो त्या पट्ट्याशेजारची खुर्ची ओढून बसला. "कालची सुरमई उरलीय ना? गरम कर."

मी तव्याखाली गॅस पेटवला आणि खिडकी उघडायला गेले.

"राहू दे," तो म्हणाला. "आपलंच घर आहे."