तीसच्या तीस रोजे

तेरच्या बसस्टँडजवळ मुनवर टेलरचं दुकान आहे. माणूस हाताचा कसबी, तोंडाचा मात्र सैल. कापडाला कात्री लावण्याआधी तीनदा माप घेईल. बोलण्याला माप नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यातून विषय जर त्याच्या लेकीचा, यास्मिनचा निघाला, तर गिऱ्हाइकाची एस.टी. निघून गेली तरी याचं आपलं चालूच.

यास्मिन एकवीस वर्षांची. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे तेरणा नदीकडच्या रस्त्यानं पळायची. आठशे मीटरची मैदानी चाचणी दीड महिन्यावर आली होती. मुनवरनं पेटीच्या तळाशी खाकी कापड आणून ठेवलं होतं. नुसतं ठेवलं असतं तर ठीक, या शहाण्यानं तिच्या मापाची पँट कापूनही ठेवली होती. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

ईदेच्या दिवशी गल्लीतली माणसं शिरखुर्म्याला जमली होती. बाहेर बाजेवर पुरुष, आत स्वयंपाकघरात बायका. शेजारचा हॉटेलवाला बिभीषण वाटी खाली ठेवत सहज म्हणाला, "यास्मिन लई वाळली की हो, मुनवरभाई."

"वाळंल न्हाय तर काय!" मुनवर फुलला. "तीसच्या तीस रोजे धरले पोरीनं! पळणं चालू ठिवून! एकबी सुटला न्हाय. दाखवा गावात अशी दुसरी!"

हे त्यानं तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. सात वर्षांची असताना तिनं पहिला रोजा धरला, तेव्हाही त्यानं असंच ओरडून पेढे वाटले होते.

आत मुनवरच्या बायकोच्या, शबनमच्या हातातली पळी वाटीवरच थांबली. बाईला महिन्यातले ते दिवस आले की रोजा नसतो. सुटलेले रोजे ती पुढं सवडीनं भरून काढते. त्या दिवसांसाठी शबनम ज्वारीच्या कणगीमागं एक झाकणाचा डबा ठेवायची, भाकरी-चटणीचा, पुरुषांच्या नजरेआड. घराघरात असा डबा असतो. वीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेल्या बिभीषणच्या बायकोला, तारामतीलासुद्धा हे पाठ होतं. मग एकवीस वर्षांच्या पोरीचे तीसच्या तीस कसे? सगळ्या बायकांनी यास्मिनकडं बघितलं, आणि यास्मिननं आपल्या वाटीतल्या खारकेकडं.

मुनवरला हे माहीत नव्हतं असं नाही. पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसाला एवढं कळतं. पण बायकोबद्दल जे कळतं ते लेकीलाही लागू पडतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. बापांचं असंच असतं.

पाहुणे गेले. तारामती उठेना, असला मामला सोडून कोण उठतं? मुनवरची आई हमिदाबी पाटावर बसली आणि तिनं नातीला समोर घेतलं.

"पोरी, कवापासनं?"

"चार महिने झाले, दादी."

"चार!"

"काय चार?" दारात आलेल्या मुनवरनं विचारलं.

"तू भाईर जा," हमिदाबी म्हणाली.

मुनवर बाहेर गेला. खिडकीला कान लावणं शोभत नाही म्हणून त्यानं कान लावला नाही. तो फक्त खिडकीखाली बसून चपलेचा अंगठा शिवू लागला. दोन टाके झाले आणि चार म्हणजे पाळी न आल्याचे चार महिने, हे त्याला कळलं. मग आपण मघाशी गल्लीभर काय ओरडलो तेही कळलं. सुई बोटात घुसली. लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत कारणांचा बाजार भरला होता.

"पळून पळून पोटातलं समदं जाग्यावरनं हाललं," हमिदाबी म्हणाली. "पोरगी हाय का घोडं?"

"पळण्यानं न्हाय, अम्मा, त्या मोबाइलनं," शबनम म्हणाली. "बघावं तवा त्यात डोकं."

"पहाटं चिंचंखालनं जाती न्हवं? तिथली बाधा हाय," तारामती म्हणाली. "नारळ उतरवू. न्हायतर तीळ-गूळ घाला. आमच्या सुनंला, महादेवीला घातला, आठ दिसांत मोकळी झाली."

निकाल मात्र एकमतानं लागला. उद्यापासून पळणं बंद.

"म्हणूनच सांगितलं न्हाय म्या!" यास्मिनला रडूच फुटलं. "तुमी पळणंच बंद करताल, ठाऊक होतं मला. दोन वर्षं पळतेय, दादी. आता दीड महिना राहिला."

तिचं रडणं मुनवरला सोसवेना. चप्पल हातात घेऊनच तो आत शिरला. "अम्मा, धाराशिवला डॉक्टरीणबाईला दाखवू. ती म्हणली पळू नको, तर खाकी कापड म्या सवता विकून टाकतो. मग तर झालं?"

"अन् तिनं पळू दे म्हटलं, तर म्या एक शब्द बोलणार न्हाय," हमिदाबी म्हणाली. एक शब्द न बोलण्याची पाळी त्या बाईवर सत्तर वर्षांत आलेली नव्हती. तरी तिनं कबूल केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं सगळी धाराशिवला निघाली. तारामतीही निघाली, तिला म्हणे तिकडं बांगड्याच भरायच्या होत्या. दवाखान्यात बायका आत गेल्या आणि मुनवर बाहेर बाकावर बसला. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना अस्तर घ्यायचं होतं, म्हणून पिशवीत मापांची वही होती.

डॉक्टर दीपाली मॅडमनी सगळं विचारलं. खाणं, झोप, अभ्यास, औषधं. रक्त, लघवी, सोनोग्राफी लिहून दिली. मग म्हणाल्या, "वजन कधीपासून उतरलंय?"

"उतरलं न्हाय, मॅडम. म्या पहिल्यापासनं अशीच हाय," यास्मिन घाईघाईनं म्हणाली.

मॅडमनी घरच्यांकडं पाहिलं. शबनमनं हमिदाबीकडं बघितलं, हमिदाबीनं शबनमकडं. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस कधीपासून वाळलं, हे कुणाला सांगता येतं? शेवटी हमिदाबीनं दारातून हाक मारली, "मुनवर, पोरीचं वजन किती होतं रं आधी?"

"वजन न्हाय सांगता येत," मुनवर आत येत म्हणाला. "मापं हायेत."

त्यानं वही उघडली. स्वतःच्या हातच्या कामाबद्दल बोलायचं म्हटल्यावर त्याचा आवाज आपोआप चढला. "ही दिवाळीची. छाती चौतीस, कमर अठ्ठावीस. संक्रांतीला पळायची पँट शिवली, कमर सव्वीस. मग खाकी बेतली, कमर..." आवाज उतरला. "चोवीस. अन् हा ईदेचा डिरेस. छाती एकतीस. कमर साडेतेवीस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार बायका कारण हुडकत होत्या आणि ते या गृहस्थाच्या वहीत, त्याच्याच अक्षरात, इंचात लिहिलेलं होतं. ईदेच्या कपड्यांचं माप घेताना तो पोरीला म्हणाला होता, "वा, आता वाऱ्यावानी पळशील!" ते आठवून त्याला स्वतःचा मनस्वी राग आला.

"मोबाइलवर एक सर सांगत होते," यास्मिन मान खाली घालून म्हणाली. "अंग हलकं झालं की सेकंद कमी होतात. म्हणून म्या भाकरी परत टोपलीत टाकत होते. पहाटं सहरीला दोन खजूर अन् एक अंडं. सांजच्याला इफ्तारला पण तेवढंच."

"बघा, मोबाइल!" शबनम म्हणाली.

"अन् पळणं!" हमिदाबी म्हणाली.

"घरात पीठ संपत आलं तर तुम्ही पाहुण्यांना जेवायला बोलावता का?" मॅडमनी विचारलं. "शरीरही नाही बोलावत. ते आधी चूल कशीबशी पेटती ठेवतं आणि बाकीचं थांबवतं. तरुण मुलींची पाळी बिघडायला कारणं खूप असतात. थायरॉइड असतं, बीजकोशाचा त्रास असतो, काळजी, जागरण. म्हणून तपासण्या करायच्याच. पण हिचं पळणं जास्त आणि खाणं कमी, हे मला आत्ताच दिसतंय."

"मंजे पळणं बंद?" हमिदाबीनं मुद्द्याला हात घातला. यास्मिननं बापाचा शर्ट मागून घट्ट धरला.

"निम्मं करायचं. आणि जेवण दुप्पट. महिन्यानं परत दाखवा."

हमिदाबीनं तोंड उघडलं. मग तिला कबुली आठवली आणि तिनं ते मिटलं. धाराशिव ते तेर ती एक अक्षर बोलली नाही. तारामतीला वाटलं, म्हातारीला गाडी लागली.

तपासण्यांत रक्त कमी निघालं, बाकी सगळं ठीक. मग हमिदाबीनं ताटाचा ताबा घेतला. पहाटे नात पळायला गेली की ही शेंगदाणे आणि उकडलेली अंडी घेऊन रस्त्याच्या कडेला बसायची, आणि दम खाणाऱ्या पोरीच्या तोंडात कोंबायची. त्या भरतीत यास्मिन तीन सेकंदांनी हुकली. ती दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर. मुनवरनं कापून ठेवलेली खाकी पँट बिभीषणच्या नातवाला चड्ड्या शिवून संपवली आणि नवं कापड आणलं. त्याला कात्री लावली नाही.

पुढच्या रमजानात एका दुपारी तो दोरा शोधत स्वयंपाकघरात गेला. कणगीमागं यास्मिन बसली होती, मांडीवर डबा, गालात घास. ती दगडासारखी थिजली. मुनवरनं झटकन भिंतीकडं तोंड केलं आणि भिंतीलाच म्हणाला, "शबनम, ह्यो डबा लहान हाय. मोठा घे."

त्या वर्षी ईदेला पुन्हा शिरखुर्मा, पुन्हा बाज, पुन्हा बिभीषण. या बिभीषणाला बायकोनं काहीच कसं सांगितलं नव्हतं कोण जाणे. वाटी खाली ठेवत तो म्हणाला, "काय मुनवरभाई, यंदाबी पोरीचे तीसच्या तीस का?"

आत शबनमची पळी थांबली. यास्मिननं डोळे गच्च मिटले.

मुनवरनं छाती पुढं काढली.

"तेवीस!" तो तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला. "तेवीस झाले! अन् कमर अठ्ठावीस!"

"या अल्ला," आत हमिदाबीनं कपाळावर हात मारला, "समद्या गावाचे कपडे शिवतो, ह्याचं तोंड कोणी शिवंल का!"

यास्मिनला हसू आवरेना. हसता हसता तिनं आपली वाटी आजीपुढं केली आणि अजून एक पळी शिरखुर्मा मागितला.