पावलं मिळवू नका

मी स्ट्रेचर बोलतोय. हो, तोच, ज्याला बघून माणसं बाजूला सरकतात आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतात. दचकू नका. माझ्यावर आडवं व्हायला मी काही तुम्हाला बोलावत नाहीये. उलट सगळं सुखरूप पार पडलं, माझा जीव भांड्यात पडला, म्हणून तर चार शब्द सांगावेसे वाटले.

माझा जन्म तंबू शिवणाऱ्या कारखान्यातला. जाड खाकी कापड, दोन लाकडी दांडे आणि घडी घालण्यापुरत्या लोखंडी पट्ट्या, एवढाच माझा संसार. मला शिवणारा कारागीर भारी बडबड्या होता. गप्पांच्या नादात त्याने डोक्याकडची शिवण वाकडी मारली आणि तपासणीवाल्या साहेबांनी मला बाजूला काढलं. मोठ्या दवाखान्यात जायची स्वप्नं बघत होतो मी! नशिबी आली एका साबणाच्या कारखान्यातली प्रथमोपचाराची खोली.

तिथे बावीस वर्षं काढली. खरं सांगू? एकसुद्धा पेशंट नाही. कोणाला लागलंच, तर तो "मला काय धाड भरलीय!" म्हणत आपल्या पायांनी चालत यायचा. माझ्यावर जुन्या फायली, फुटकी खोकी, मागच्या सालची कॅलेंडरं असा पसारा असायचा. दुपारच्या सुट्टीत पहारेकरी अंग टाकायचा तेवढाच. मला वाईट वाटायचं. आपलं काम न पडणं हेच लोकांचं सुख आहे, हे डोक्यात शिरायला मला फार वर्षं लागली.

त्या खोलीतल्या नर्सबाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "बाई, आमची आठवण म्हणून काय देऊ?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हा द्या."

सगळे हसले. "घरी नेऊन करणार काय याचं?"

"घरी नाही नेत. माझ्या मुलींना लागतोय."

बाईंच्या मुली म्हणजे त्या चालवत असलेल्या गाइड पथकातल्या. वाचनालयाच्या मागे एक लांबट हॉल आहे. दर शनिवारी दुपारी तीन वाजता तिथे वीस-बावीस मुली जमतात. निळा शर्ट, गळ्यात पिवळा स्कार्फ. गाठी मारायच्या, तंबू उभारायचा, नकाशा वाचायचा, जखम बांधायची. बाई वयाने आजी शोभतील, पण सगळ्या त्यांना ताईच म्हणतात.

ताईंची एक विचित्र खोड होती. कुठलंच काम त्या स्वतः करायच्या नाहीत. पाण्याचं पिंप गळतंय? "कुठून गळतंय ते तूच बघ." दोघी भांडल्या? "तुम्हीच मिटवा, मी चहा पिऊन येते." मला आधी वाटलं, बाई महाआळशी. मग एकदा लक्ष देऊन पाहिलं. एका मुलीची गाठ पाच वेळा चुकली, ताईंचे हात नुसते शिवशिवत होते, आणि त्या ते पाठीमागे घट्ट धरून उभ्या होत्या. सहाव्या वेळी गाठ जमली. त्या मुलीचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. तेव्हापासून मी ताईंना आळशी म्हणणं सोडलं.

आणि एका शनिवारी ती आली. आईचा हात धरून, आईच्या मागे अर्धी लपून. तेरा वर्षांची असेल. आई शिवणकाम करणारी, कोपऱ्यावर तिचं छोटंसं दुकान.

"ताई, घरी ही नीट बोलते हो," आई म्हणाली. "भांडतेसुद्धा. पण घराबाहेर पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. हिचा आवाज जरा घोगरा आहे. नव्या शाळेत कविता म्हणायला उभी राहिली आणि सगळा वर्ग खो खो हसला. आता बाई प्रश्न विचारतात तर ही वहीत उत्तर लिहून दाखवते."

"राहू दे की इथे. हसणारं कोणी नाही, आणि आम्हाला घाईही नाही."

"वार्षिक परीक्षेपर्यंत ठेवते. काही फरक दिसला नाही तर दुकानात बसवते शनिवारची. निदान माझ्या डोळ्यांसमोर राहील."

त्याच दिवशी माझा सराव होता. चौघींनी मला उचलायचं, डोक्याकडच्या मुलीने हुकूम द्यायचे, आणि एकीने पेशंट होऊन झोपायचं. पेशंट व्हायला कोणालाच आवडत नाही. ही गुपचूप पुढे आली आणि माझ्यावर आडवी झाली. तिने बरोबर ताडलं होतं, पेशंटला बोलावं लागत नाही!

मग दर शनिवारी तेच. मुली तिला 'पेशंट'च म्हणायला लागल्या, लाडानेच. गाठी ती झकास मारायची. ताईंनी लहान मुलींना गाठी शिकवायचं काम तिच्यावर टाकलं, तर तेही तिने हातांनी दाखवून केलं. जीभ मात्र जागची हलली नाही. ताई तिला कधी "बोल ना गं" म्हणाल्या नाहीत. मलाच चुटपुट लागायची. परीक्षा जवळ येत होती.

आता एक गोष्ट कबूल करतो, जी फक्त तिला आणि मला ठाऊक होती. आदल्या वर्षी जिल्ह्याच्या मेळाव्यात आमच्या पथकाचा नंबर हुकला होता. का, तर स्ट्रेचर नेताना मुलींची पावलं मिळाली नाहीत म्हणे. पंचांना चार जोडी बुटांचा एकच आवाज हवा होता. तेव्हा आमची कॅप्टन पेटून उठली. ती पथकातली सगळ्यात उंच मुलगी, तिला सगळ्या शिडी म्हणत. "एक-दोन, एक-दोन," करत शिडीने असा सराव घेतला की बूट अगदी एका तालात वाजू लागले. बघणारे टाळ्या वाजवायचे. पण चौघींची पावलं एकदम पडली की मी वर-खाली, वर-खाली उसळायचो, आणि माझ्यावर झोपलेल्या पोरीच्या पोटात ढवळून निघायचं. ती दोन्ही हातांनी माझे दांडे आवळून धरायची.

"काय गं पेशंट, ठीक ना?" शिडी विचारायची. ही मान हलवायची. ठीक म्हणे! आणि ताईंनी तर जन्मात कधी स्ट्रेचरवर झोपून पाहिलेलं नव्हतं.

मेळाव्याला आठ दिवस उरले होते. उतारावरचा सराव हवा म्हणून रविवारी सकाळी मोठ्या आठ मुली, ताई आणि खेळाच्या शिक्षिका गावाबाहेरच्या टेकडीवर गेल्या. वर पाण्याची टाकी, खाली फाटक आणि रस्ता. टाकीपाशी डबे उघडायचे ठरत होते, तेवढ्यात ताईंचा पाय मुरमावरून सटकला. कट्कन आवाज झाला. मी जवळच घडी घालून पडलो होतो, मला स्पष्ट ऐकू आला.

ताई बसल्या बसल्या आपला पाय चाचपून म्हणाल्या, "मोडलाय. घोट्याच्या वर. रडू नका गं, माझा पाय आहे, तुमचा नाही."

शिक्षिकांनी फोन लावला. रुग्णवाहिका खालच्या फाटकापर्यंत येणार होती, वर यायला वाट नव्हती. बरोबर एकच माणूस येणार होता. डोक्यावर ऊन, सावली नावाला नाही. ताई म्हणाल्या, "मुली मला खाली आणतील. तुम्ही पुढे होऊन फाटक उघडून घ्या." शिक्षिका धावल्या.

दोन काठ्या आणि चार स्कार्फ घेऊन मुलींनी पाय बांधला. गाठी अर्थात आमच्या पेशंटने मारल्या. मग ताईंना माझ्यावर घेतलं. कारखान्यातली बावीस अधिक पथकातली चार, सव्वीस वर्षांत माझ्यावरचं पहिलं खरंखुरं दुखणं! माझे दांडे घामेजले म्हणायला हरकत नाही. चौघी कोपऱ्यांना, दोघी मध्ये आधाराला, एक वाटेतले दगड बाजूला करायला, आणि ही छत्री धरून ताईंच्या डोक्याशी.

"उचला! एक-दोन, एक-दोन!" शिडीने ताल धरला. बिचारीला जे येत होतं ते ती जीव ओतून करत होती. बूट एकदम पडत होते. आणि मी उसळत होतो. प्रत्येक उसळीला ताईंचा मोडका पाय हिसका खात होता. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. मुली घाबरतील म्हणून त्यांनी स्कार्फचं टोक दातांत धरलं आणि हूं की चूं केलं नाही.

मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. पण मला तोंड नव्हतं. जिला होतं, ती छत्री धरून चालत होती. तिने ताईंच्या मुठींकडे पाहिलं. ताईंनी माझे दांडे आवळले होते. तिचे ओठ उघडले, मिटले. परत उघडले. अगं बोल, माझे आई, बोल एकदाची!

"थांबा!"

सगळ्या जागच्या जागी थांबल्या. कोण ओरडलं ते कोणालाच कळेना, कारण तो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. घोगरा, जाड, टेकडीच्या पार पलीकडे जाईल असा. ओरडून झाल्यावर तिने डोळे गच्च मिटून घेतले. आता हसतील, म्हणून.

कोणी हसलं नाही. हसायला सवड कोणाला होती?

"खाली ठेवा," ती म्हणाली. "ताईंना हिसके बसतायत. तुम्ही सगळ्या एकदम पाय टाकता, म्हणून हा वर-खाली होतो. पावलं मिळवू नका. पुढच्यांनी डावा टाकला की मागच्यांनी उजवा टाकायचा. मला माहितीये. मला दर शनिवारी मळमळतं."

"दर शनिवारी?" शिडीचा चेहरा पार उतरला. "मग बोलली का नाहीस गं कधी?"

"ते नंतर," ताई दातांतला स्कार्फ काढून म्हणाल्या. "बरोबर सांगतेय ती. मला सुचायला हवं होतं हे, एवढी वर्षं नर्स म्हणून मिरवले मी. ऐका तिचं."

शिडीने ताईंच्या मुठींकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू हुकूम दे. आम्ही चालतो."

छत्री दगड बाजूला करणारीच्या हातात गेली. ही ताईंच्या डोक्याशी उभी राहिली आणि सांगत गेली. "उचला. सावकाश. शिडी, उतार आहे, घाई नको. मधल्या दोघी, जरा वर धरा. ताई, आता?"

"आता बरं आहे गं."

पहिल्यांदा पावलं अडखळली, एकदा दोघींचे बूट एकमेकींवर आपटले. दिसायला ते चालणं अगदीच गबाळं होतं, पंचांनी पाहिलं असतं तर डोक्याला हात लावला असता. पण मी हललो नाही, हो! पाण्यातून तरंगत गेल्यासारखा गेलो. अर्ध्या वाटेवर ताईंनी दांडे सोडले आणि हात पोटावर ठेवले. तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू.

फाटकाशी उभ्या माणसाने गाठी पाहिल्या, ताईंची नाडी पाहिली आणि विचारलं, "कोणी आणलं यांना असं अलगद?" सगळ्यांनी एकीकडेच बोट दाखवलं. तिने मान खाली घातली, पण म्हणाली, "आम्ही आठ जणींनी."

पुढच्या शनिवारी ताई प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून हॉलमध्ये हजर. सराव सुरू व्हायचाच होता, तर दारातून हिची आई आत आली. गळ्यात मापाची टेप तशीच, दुकानातून तडक आलेली.

"माफ करा ताई, पण मी हिला न्यायला आलेय. गिऱ्हाइकाकडून कळलं मला सगळं. मुलीला चार शब्द बोलता यावेत म्हणून पाठवलं होतं, टेकडीवरून माणसं वाहायला नाही. उद्या हिचाच पाय मोडला तर? आणि फरक तरी काय पडला? त्या दिवशी घरी आली ती नुसती झोपून गेली. मला एक अक्षर सांगितलं नाही."

ताईंनी एका वाक्यात सगळं सांगून टाकलं असतं. पण त्या बोलल्या नाहीत. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि वाट पाहिली. अख्खा हॉल वाट पाहत होता. मला तर वाटलं, आता ही निमूट चपला घालणार.

"आई, मी येणार," ती म्हणाली. "दर शनिवारी येणार. शिडी उतारावर घाई करते. तिला सांगायला कोणीतरी पाहिजे."

"अय्या, मी कुठे घाई करते!" शिडी.

"करतेस. नेहमी करतेस."

सगळा हॉल हसला. शिडी हसली, ताई हसल्या. मी तिच्याकडे बघत होतो, धसका घेऊन. पण तीही हसत होती, त्याच घोगऱ्या आवाजात, सगळ्यांबरोबर.

आई मटकन खाली बसली. माझ्यावरच, मी उघडून ठेवलेला होतो ना.

"परत म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते. इथे, सगळ्यांसमोर. परत म्हण."

"मी येणार, आई." या वेळी जास्तच मोठ्याने.

आईने डोळे पुसले, मापाच्या टेपेनेच. "बरं," म्हणाली. एवढंच. पण पाच वाजेपर्यंत ती काही माझ्यावरून उठली नाही, आणि दुकान त्या दिवशी बंदच राहिलं.

मेळाव्यात आम्ही सातवे आलो. पावलं मिळाली नाहीत म्हणून गुण कापले. निकाल लागल्यावर ही सरळ पंचांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही एकदा झोपून बघा." ते झोपले, खरंच! दोन्ही तऱ्हेने, पावलं मिळवून आणि न मिळवता, त्यांना मैदानभर फिरवून आणलं. खाली उतरल्यावर ते जरा वेळ खुर्चीला धरून उभे होते. पुढच्या वर्षीपासून नियम बदलणार आहेत म्हणे.

आता माझं वय झालंय. कापड विटलंय, एक पट्टी कुरकुरते. पण खोकी ठेवायची जागा म्हणून मरायची वेळ माझ्यावर आली नाही, याहून जास्त काय मागू? तुमच्या आसपास असं एखादं पथक असेल तर मुलीला जरूर पाठवा. आणि ती बरेच दिवस गप्प राहिली, तर हात पाठीमागे धरून जरा थांबा. एवढंच सांगायचं होतं.

येतो मी. तिकडून "उचला!" अशी हाक आलीय, आणि त्या आवाजाला ताटकळत ठेवायची माझी छाती नाही.