कुड्याच्या मुळातली बुरशी

मी एक जुनी बुरशी आहे, मित्रांनो. नाव ऐकून नाक मुरडू नका. मी भाकरीवर चढणारी नव्हे. मी रानातल्या कुड्याच्या मुळात राहते. डोळ्यांना दिसत नाही आणि झाडाला इजा करत नाही.

माझा जन्म नवापूरकडच्या डोंगरातला. १९९१ साली सुभद्राबाईंनी माहेराहून कुड्याचं रोप आणलं आणि सुरतेत, डिंडोलीतल्या खोलीमागं लावलं. त्याच्या मुळांतून मीही आले. "मन्हा माहेरनं झाड शे हाई," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पांढरी फुलं आली, की ओंजळभर देवापुढं ठेवत.

पाच वर्षं सुखात गेली. त्यांची लेक गायत्री कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. तिनं एक बारीक मूळ नेलं, निळ्या रंगात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि हरखून घरी आली. "आई, आपल्या कुड्याच्या मुळात बुरशी राहते. पण ती झाडाचं काही बिघडवत नाही." आयुष्यात माझं तेवढंच कौतुक झालं.

त्याच उन्हाळ्यात मागं कापड रंगवायचा कारखाना निघाला. गायत्रीचे वडील धुडकू तिथंच कामाला लागले. कारखान्याचं लालनिळं पाणी गटार सोडून आमच्या मातीत मुरू लागलं. माझे तंतू जळू लागले. कुड्याची पानं पिवळी पडली.

"बुरशीच लागली ना? तूच म्हणाली होतीस," धुडकू म्हणाले.

"बाबा, बुरशी नाही. ते पाणी बघा."

धुडकूंनी एकदा कारखान्याकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "पाण्याचं नाव बाहेर काढू नको, पोरी. आधीचा लूमचा, मागांचा कारखाना बंद पडल्यावर सहा महिने घरी बसलो होतो मी."

रविवारी त्यांनीच कुदळ घेऊन कुडा खणून काढला. सुभद्राबाई उंबऱ्यात बसून होत्या. "बुरशीनं खाल्लं वं माय माझं झाड," एवढंच त्या शेजारणीला म्हणाल्या. गायत्रीनं तोंड उघडलं, बापाकडं पाहिलं आणि ती आत निघून गेली.

त्या जागी मोगरा लावला. तोही महिन्याभरात वाळला. तेव्हा मात्र बुरशीचं नाव कुणी घेतलं नाही. पाण्याचंही नाही.

मी मातीत राहिलेल्या बोटभर मुळाच्या तुकड्यात आहे. मूळ सुकत चाललंय. इथं आता दुसरा कुडा येणार नाही, हे मला कळतं.

मित्रांनो, झाड पिवळं पडलं तर कुदळ उचलण्याआधी त्याच्या बुडाशी बसा आणि तिथं पाणी कुठलं येतंय ते बघा. बघितलंत, तर सांगाही. मला तोंड नव्हतं.